स्टॉर्मट्रूपरचे चिलखत घडवताना या चुका टाळा

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मधील पांढऱ्या शिपायांची, म्हणजे स्टॉर्मट्रूपरांची चिलखते पडद्यावर यंत्रातून निघाल्यासारखी गुळगुळीत वाटतात, प्रत्यक्षात ती तशी नव्हती. शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी चिलखताचे आकार मातीत घडवले, लंडनजवळच्या ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या कार्यशाळेत प्लॅस्टिकचे तापवलेले पत्रे साच्यांवर ओढून तुकडे काढण्यात आले, आणि हे तुकडे माणसांनी हातांनी कापले, जोडले व रंगवले. चित्रीकरणाची घाई होती आणि ती घाई मूळ वस्तूंवर आजही ओळखू येते. हुबेहूब चिलखत करायचे म्हणजे या हाताने केलेल्या, किंचित वाकड्या वस्तूची प्रतिकृती करायची. हे लक्षात न घेता आपल्या मनातला निर्दोष शिपाई घडवायला बसले की पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आवृत्ती न ठरवता हात घालणे

१९७७, १९८० आणि १९८३ सालच्या तीन ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील स्टॉर्मट्रूपर दुरून सारखेच दिसतात, पण त्यांच्या तपशिलांत बराच फरक आहे. पहिल्या चित्रपटातच हेल्मेटचे दोन प्रकार वापरले गेले. हाणामारीच्या दृश्यांसाठीच्या ‘स्टंट’ हेल्मेटला सपाट काचा आहेत आणि तोंडाच्या पट्टीत सहा दात कापलेले आहेत. जवळून टिपल्या जाणाऱ्या ‘हीरो’ हेल्मेटला फुगीर काचा आणि आठ दात आहेत. गालांवरच्या निळ्या रेघा १९७७ मध्ये ब्रशने काढलेल्या होत्या, तर १९८३ च्या चित्रपटात त्या जागी स्टिकर आले. ज्याने हे आधी ठरवले नाही, त्याच्या हातून फुगीर काचा, सहा दात आणि स्टिकरच्या रेघा असे एक हेल्मेट तयार होते, जे कोणत्याच चित्रपटात नव्हते.

म्हणून साहित्य मागवण्याआधी चित्रपट आणि हेल्मेटचा प्रकार कागदावर लिहून ठेवावा आणि संदर्भाची छायाचित्रे त्याच चित्रपटाची गोळा करावीत. खेळणी, व्हिडिओ गेम आणि अलीकडच्या चित्रपटांतील संगणकीय शिपाई संदर्भ म्हणून वापरू नयेत, कारण त्यांत मूळ वस्तूचे असमान आकार आधीच सरळ केलेले असतात. अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ‘५०१ वी लीजन’ या संघटनेने प्रत्येक पोशाखासाठी तपशीलवार निकष तयार केले आहेत. सभासद व्हायचे नसले तरी त्या निकषांशी आपला एकेक तुकडा ताडून पाहणे हा फार चांगला अभ्यास आहे. छायाचित्रे पाहताना डावे-उजवेही तपासावे. गुडघ्यावरचा उंच चौकोनी कवचभाग डाव्या नडगीवर असतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेकदा आरशासारखा उलटा साठवला जातो, आणि त्यावरून जुळणी तपासली तर बरोबर बसवलेला भागही चुकीचा वाटू लागतो.

हेल्मेट ‘सुधारणे’

मूळ हेल्मेटचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नाही. चांगल्या साच्यातून निघालेल्या प्रतीतही तो तसाच उतरतो, आणि नवखा कारागीर नेमका तिथेच पुटी भरून, पॉलिश पेपर मारून तो सरळ करतो. असे केलेले हेल्मेट सुबक दिसेल, पण ते स्टॉर्मट्रूपरचे वाटत नाही. काय बिघडले हे पाहणाऱ्याला सांगता आले नाही, तरी ते त्याला जाणवते.

दुसरी चूक डोळ्यांच्या कापणीत होते. डोळ्याच्या वरच्या कडेवर दोन मिलिमीटर जास्त कापले तरी मुद्रा बदलते आणि कठोर शिपाई दचकलेला दिसू लागतो. डोळे आणि दात दोन्ही आधी रेघेच्या बऱ्याच आत कापावेत आणि मग बारीक कानशीने, वरचेवर छायाचित्राशी ताडून, रेघेपर्यंत यावे. कपाळावरची काळी रबरी पट्टीही तितकीच महत्त्वाची आहे. टोपीचा, म्हणजे हेल्मेटचा वरचा भाग चेहऱ्यावर फार उंच बसवला की ही पट्टी डोळ्यांपासून दूर जाते आणि चेहरा लांबुडका दिसतो. अशा वेळी पट्टी खाली ओढून उपयोग होत नाही. टोपी आणि चेहरा यांचा जोड सोडवून टोपी पुन्हा खाली बसवावी लागते. म्हणूनच हा जोड पक्का करण्याआधी सगळे भाग मास्किंग टेपने उभे करून हेल्मेट डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे आणि चार पावले मागे जाऊन पाहावे.

कानांचे भाग बसवणे हे या कामातले सर्वांत चिकाटीचे प्रकरण आहे. कान आणि हेल्मेट यांच्यात फट राहिली की ती एकदम भरून काढायचा मोह होतो. त्याऐवजी कानाची आतली कड पेन्सिलीने खूण करून, थोडी थोडी घासून, पुन्हा लावून पाहावी.

रंगाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे रेघा फार नीटनेटक्या काढणे. १९७७ च्या हेल्मेटवरील करडे पट्टे आणि निळ्या रेघा हाताने काढल्या असल्याने त्यांच्या कडा किंचित हलत्या आहेत. या कामासाठी हंब्रोल या कंपनीच्या इनॅमल रंगांपैकी करड्यासाठी क्रमांक ५, निळ्यासाठी १४ आणि काळ्यासाठी ८५ हे रंग छंदिष्टांमध्ये सर्वमान्य झाले आहेत. ते मिळाले नाहीत तर दुसऱ्या रंगाची छटा ट्यूबलाइटखाली न जुळवता दिवसाच्या उजेडात जुळवावी.

कापणीची घाई आणि शिवणींचे गणित

किटमधला, म्हणजे साच्यावर ओढून काढलेल्या तुकड्यांच्या विकतच्या संचातला एबीएस प्लॅस्टिकचा पत्रा साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तो कापायला फिरत्या चाकाचे यंत्र जोरात चालवले की प्लॅस्टिक कापले न जाता वितळते आणि कडेला गोळे धरतात. सरळ कडांसाठी पट्टी धरून कटरने दोन-तीन हलक्या रेघा ओढाव्यात आणि मग तुकडा रेघेवर मागेपुढे वाकवावा. एबीएस तिथे स्वच्छ तुटते. वळणांसाठी रिमोटच्या गाड्यांची पॉलिकार्बोनेट बॉडी कापायची वाकड्या पात्यांची कात्री फार उपयोगी पडते.

खरी गफलत मात्र मापांत होते. दंड, कोपराखालचा हात, मांडी आणि नडगी हे भाग प्रत्येकी दोन अर्ध्या तुकड्यांचे असतात. ते एकमेकांवर चढवून चिकटवायचे नसतात. कडेला कड भिडवून जोडायचे आणि जोडावर पांढरी पट्टी बसवायची असते. या पट्ट्यांची रूढ मापे अशी आहेत: हातांवर १५ मिलिमीटर, पायांच्या पुढच्या बाजूला २० आणि मागच्या बाजूला २५. पुढच्या जोडावर पट्टीची रुंदी डोळ्यांत भरते, म्हणून तिथे दोन्ही अर्ध्या भागांची सपाट कड पट्टीच्या निम्मी, म्हणजे पायांवर दहा-दहा मिलिमीटर ठेवावी आणि ती बदलू नये. शरीराच्या मापाप्रमाणे जे कमी-जास्त करायचे ते सगळे मागच्या जोडावर करावे. अनेक जण पुढे आणि मागे सारखेच कापून भाग बारीक करतात; मग पुढची पट्टी उंचवट्यावर चढते आणि ती चूक झाकायला जागा उरत नाही.

मूळ चिलखते सडपातळ अंगाच्या माणसांसाठी होती. आपली मांडी किंवा पोटरी जाड असेल तर मागच्या जोडात अंतर पडते, आणि त्यात काही वावगे नाही. उरलेल्या एबीएसची पट्टी आतून आधाराला लावावी, मधल्या जागेत त्याच जाडीचा तुकडा बसवावा आणि वरून पट्टी मारावी. उलट, जास्त कापून झालेला तुकडा वाढवणे कठीण असते, आणि असा एकटा सुटा भाग परदेशातल्या कारागिराकडून पुण्याला किंवा नागपूरला मागवायचा तर त्याच्या किमतीपेक्षा टपाल आणि सीमाशुल्कच जास्त होऊ शकते. म्हणून पहिली कापणी नेहमी सैल ठेवावी, भाग टेपने अंगावर बांधावा, आतला काळा पोशाख घालूनच माप बघावे, आणि उभे राहून, बसून व जिना चढून पाहिल्यावरच शेवटची कापणी करावी. मांडीचा मागचा भाग गुडघ्याच्या लवणीत रुततो की नाही हे आरशासमोर उभे राहून कळत नाही. त्यासाठी जिनाच चढावा लागतो.

मनगटाजवळची आत वळलेली कड १९७७ च्या चिलखतात काढून टाकलेली दिसते, तर किटमध्ये ती बहुधा शाबूत येते. ती तशीच ठेवली तर हातही अडकतो आणि रूपही चुकते.

चिकटवणे

फेव्हिक्विकसारखे झटपट चिकटणारे सायनोअॅक्रिलेट या कामाला योग्य नाही. त्याचा जोड ठिसूळ असतो, चालताना वाकणाऱ्या भागावर तो तडकतो आणि जोडाभोवती पांढरट धुरकट डाग उठतो. छंदिष्ट बहुधा ई-६००० हा लवचीक डिंक वापरतात, कारण जोड चुकला तर तो संयमाने सोलून काढता येतो. त्याला पूर्ण पकडायला २४ ते ७२ तास लागतात. तोवर आतून-बाहेरून लोहचुंबकांच्या जोड्या आणि चिमटे लावून ठेवावे लागतात. एका दिवसात चारही अवयव जोडून टाकण्याच्या नादात चिमटे लवकर काढले की पट्टी सरकते. पर्यायी डिंक घेतला तर तो आधी उरलेल्या तुकड्यावर लावून दोन दिवस ठेवावा, कारण काही डिंकांतील द्रावक पत्रा मऊ करतो. खिडकी उघडी ठेवूनच काम करावे.

अंगावर बसवणे

उत्तम कापलेले चिलखतही पट्ट्या चुकल्या तर लोंबते. छातीचा आणि पोटाचा भाग यांच्यात काळी फट दिसणे, खांद्याची वाटी दंडावर घसरणे, मांडीचा भाग चालताना फिरणे ही सगळी एकाच दोषाची लक्षणे आहेत: सगळीकडे इलॅस्टिकच वापरले गेले आहे. छाती, पाठ आणि पोट एकमेकांना जिथे टांगलेले असतात तिथे बॅगांना लावतात तशी न ताणली जाणारी नायलॉनची पट्टी आणि टिचबटणे वापरावीत. कुशीला, खांद्याच्या वाटीला आणि मांडीला, जिथे श्वासाबरोबर किंवा पावलाबरोबर हालचाल होते तिथेच इलॅस्टिक लावावे. टिचबटण थेट चिलखताच्या पत्र्यातून ठोकू नये. नायलॉनच्या तुकड्यावर बसवून तो तुकडा आतून चिकटवावा.

थ्रीडी प्रिंटचा वेगळा प्रश्न

किट परवडत नाही म्हणून हल्ली अनेक जण चिलखत छापतात. त्यात काही कमीपणा नाही. पण पत्रा साच्यावर ओढला की त्याचे कोपरे आपोआप मऊ होतात आणि कडा पातळ दिसतात, तर छापलेल्या भागाचे कोपरे तीक्ष्ण आणि कडा जाड राहतात. थरांच्या रेषा घासण्यातच सगळी शक्ती घालवण्यापेक्षा कोपरे हलके गोल करणे आणि दिसणाऱ्या कडा आतून तासून पातळ करणे याने जास्त फरक पडतो. पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवलेले पीएलएचे हेल्मेट वाकडे होऊ शकते. आपल्या हवेसाठी छपाईला पीईटीजी किंवा एबीएस ही प्लॅस्टिके बरी. पांढरे एबीएसही उन्हाने पिवळे पडते, म्हणून चिलखत सावलीत ठेवावे.

तडा गेल्यावर

तडे बहुतेक वेळा कापणीच्या आतल्या टोकदार कोपऱ्यातून सुरू होतात, विशेषतः पोटाच्या भागाच्या बाजूला आणि दोन पायांमधल्या अरुंद पट्टीजवळ. तडा दिसताच त्याच्या टोकाला बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतून एबीएसचा तुकडा चिकटवून आधार द्यावा आणि बाहेरून एबीएसची लगदी भरावी. त्यासाठी उरलेले बारीक तुकडे काचेच्या बरणीत अॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवतात. अॅसिटोन पेट घेते, म्हणून हे काम गॅसपासून दूर करावे. लगदी एकदम जाड लावली तर खालचा पत्राही मऊ होऊन खचतो, म्हणून पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. वाळताना ती आक्रसते, त्यामुळे शेवटचा थर पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवावा. त्यानंतर आधी भरड, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यासह वापरावा आणि शेवटी प्लॅस्टिकच्या पॉलिशने चकाकी आणावी. लगदी त्याच चिलखताच्या तुकड्यांची केलेली असावी, कारण दोन किटमधले पांढरे रंग क्वचितच जुळतात. यासाठी कापणीतला एकही तुकडा काम संपेपर्यंत फेकू नये.