वस्तरा घडवताना: आधी माप, मग तोल

आमच्या घरी हातमाग होता. नवा धोटा आणला की वडील तो आधी बोटावर आडवा तोलून बघायचे. एका बाजूला झुकला तर परत करायचे. सोलापुरातल्या मागवाल्यांची ही सवय मला वस्तरे घडवताना रोज उपयोगी पडते.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. वस्तऱ्याला धार लावताना पातं दगडावर सपाट टेकतं, धार आणि पाठ दोन्ही एकदम दगडाला लागतात. त्यामुळे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. हाताला त्यात फारसा वाव नसतो. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजण्याची रीत आहे, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत सुतात. पहिल्या वस्तऱ्याला सहा सूत, साधारण १९ मिमी, घ्या. रुंदीला ३.६ ने भागलं की पाठ मिळते: सुमारे ५.३ मिमी. कोन येतो १६ अंशांच्या आसपास, आणि दाढीला तो मानवतो. हीच पाठ ४ मिमी ठेवली तर कोन १२ अंशांवर उतरतो आणि धारेचे कपचे उडतात. ७ मिमी ठेवली तर २१ अंश होतो, केस कापण्याऐवजी ओढले जातात. घासताना पाठही झिजते, म्हणून दर थोड्या वेळाने व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. माझ्या मते सगळ्या कामात हेच माप सर्वांत महत्त्वाचं.

मग पुठ्ठ्यावर आकृती काढून कापा. धार ७५ मिमी, तिच्यामागे मान ३५ ते ४० मिमी, मग ज्यावर पातं फिरतं त्या खिळ्याचं भोक, आणि पुढे करंगळी टेकायला शेपटी, तीही जवळपास मानेएवढीच. मुठीच्या दोन फळ्या सुमारे १५० मिमी लांब. टाचणीने जोडून उघडझाप करा: मिटल्यावर पात्याचं नाक फळ्यांच्या आत राहिलं पाहिजे आणि शेवटच्या पाचरीपासून, म्हणजे फळ्यांच्या टोकाला मधे बसणाऱ्या तुकड्यापासून, ५ मिमी तरी दूर. शेपटी डोळ्याला आखूड वाटली तर आत्ताच वाढवा. पुठ्ठा फुकट आहे.

पोलादासाठी भंगारातली कानस घेऊ नका, आत काय आहे ते कळत नाही. एन-३१ ची, म्हणजे बेअरिंगच्या पोलादाची, पट्टी मागून घ्या. आकार कापला की पाणी चढवण्याआधी, म्हणजे पातं तापवून कडक करण्याआधी, खिळ्याचं भोक पाडा. मी एकदा विसरलो. कडक झालेल्या पात्यात ड्रिल शिरेना, दोन दिवसांचं काम वाया गेलं. पाणी चढवणं नवख्याने जाणकाराकडूनच करून घ्यावं. त्यानंतर घासताना पातं बोटांना चटका देऊ लागलं की पाण्यात बुडवा. निळा रंग आला तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. गॉगल आणि मास्क लावूनच घासा.

आता तोल. वस्तरा सरळ उघडून खिळ्याखाली बोट धरा. तो तिथेच किंवा बोटभर पुढे, मानेवर, तोलला पाहिजे, कारण दाढी करताना तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा तिथेच असतात. मूठ मागे ओढत असेल तर फळ्या घासून अडीच मिमीपर्यंत आणा. पातं पुढे झुकत असेल तर शेवटची पाचर जड धातूची करा. जुने कारागीर शिशाची घालत. पाचर खिळ्याकडच्या जाडीपेक्षा पातळ ठेवा, म्हणजे फळ्या मागे निमुळत्या होतात आणि पात्याला हलकी पकड मिळते.

फळ्यांना बाभूळ किंवा शिसव चालेल, पण पूर्ण वाळलेलं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ओलसर लाकूड पीळ घेतं, मिटताना धार फळीला घासते आणि सगळी मेहनत एका दुपारी जाते. मी कापलेल्या फळ्या एक उन्हाळा माळ्यावर ठेवतो. खिळा पितळी तारेचा, १.६ मिमी, हलक्या हातोडीने दोन्हीकडून ठोकत बसवा. प्रत्येक ठोक्यानंतर पातं उघडून मिटून बघा; जरा जड वाटू लागलं की थांबा.