पायथनसाठी सी एक्स्टेन्शन लिहिताय? मग या चुका टाळा

एखादा लूप फारच हळू चालतो म्हणून तेवढा भाग सी मध्ये लिहायचा, विचार बरोबर आहे, पण बरेच जण पहिल्या दिवसापासून सगळं पायथनच्या सी एपीआयमध्येच (सी मधून पायथनचे ऑब्जेक्ट थेट हाताळायची फंक्शन्स) लिहायला बसतात आणि तिथेच अडकतात. आधी तुमचं गणित साध्या सी फंक्शनमध्ये लिहा, त्यात पायथनचा एकही ऑब्जेक्ट नको, आणि वरचं कव्हर, म्हणजे पायथनला जोडणारा कोड, सायथन किंवा सीएफएफआय अशा टूलकडून करून घ्या. खालच्या बऱ्याचशा भानगडी मग तुमच्या वाट्याला येतच नाहीत.

हातानेच लिहायचं असेल तर सगळ्यात जास्त रडवतो तो रेफरन्स काउंट, म्हणजे एखादा ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरून ठेवलाय तो आकडा; तो शून्य झाला की ऑब्जेक्ट नष्ट होतो. 'पायलिस्ट गेटआयटम' तुम्हाला ऑब्जेक्ट फक्त उधार देतं, त्यावर डिक्रेफ (काउंट एकने कमी करणं) मारला की काउंट एकने जास्तच कमी होतो आणि क्रॅश होतो भलत्याच ठिकाणी, कधी कधी बऱ्याच वेळाने, त्यामुळे तुम्ही चुकीच्याच फंक्शनमध्ये शोधत बसता. 'पायलिस्ट सेटआयटम' तुमचा रेफरन्स स्वतःकडे घेऊन टाकतं, तिथे नंतर डिक्रेफ नको. 'पायलिस्ट अपेंड' मात्र स्वतःचा वेगळा रेफरन्स वाढवतं, म्हणजे तुमचा तुम्हीच सोडायचा, नाहीतर मेमरी गळत राहते. नावावरून यातलं काहीच कळत नाही हो, दरवेळी डॉक्युमेंटेशन बघायचंच. आणि उधार घेतलेला ऑब्जेक्ट हातात असताना दुसरा पायथन कोड चालला तर तो मधेच नष्ट होऊ शकतो, म्हणून आधी इन्क्रेफ करा, म्हणजे काउंट एकने वाढवा. पायथन ३.१३ पासून 'पायलिस्ट गेटआयटमरेफ' आलंय, ते मालकीचाच रेफरन्स देतं, जमेल तिथे तेच वापरा.

एरर आली तर एक्सेप्शन सेट करून मगच नल (रिकामा पॉइंटर) परत करा, नुसतं नल दिलं की सिस्टमएरर येते. 'पायलाँग अ‍ॅजलाँग' (पायथनचा पूर्णांक सी मधल्या लाँगमध्ये बदलणारं फंक्शन) उणे १ देतं तेव्हा ती खरी किंमत आहे की एरर, हे 'पायएरर ऑकर्ड' ने तपासा, हे खूप जण विसरतात.

मोठं गणित चालू असताना जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) सोडा, म्हणजे बाकीचे थ्रेड चालू राहतात, पण सोडलेला असताना पायथन ऑब्जेक्टला हात लावू नका.

इम्पोर्ट करताना एक्सपोर्ट फंक्शन सापडत नाही असा मेसेज आला तर 'पायइनिट' पुढचं नाव आणि मॉड्यूलचं नाव अक्षरशः एकच आहे ना ते बघा. सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) आला तर प्रोग्राम पायथनचा फॉल्टहँडलर ऑप्शन लावून चालवा, निदान पायथनची कुठली ओळ चालू होती ते दिसतं, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर एक्स्टेन्शन अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून पुन्हा कंपाइल करा.