वॉर्डात राहायला जाताना

गेल्या पावसात आईसोबत बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नऊ दिवस काढले. आम्ही डिचोलीचे, म्हणजे आधी कदंबाच्या सरकारी बसने पणजी आणि तिथून दुसरी बस. म्हणून सांगतो, विसरलेली वस्तू आणायला घरी धावणं परवडत नाही. आधारकार्ड, जुने रिपोर्ट आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड एकाच फायलीत ठेवा. चालू गोळ्या पाकिटासकट न्या. ‘ती पांढरी, बारीक’ सांगून डॉक्टरला काय कळणार?

वॉर्डात दिवस पहाटेच सुरू होतो. ताप, नाडी, बीपी, कधी रक्त. आई पहिल्या दिवशी चिडलीच, "झोपायला तरी द्या गो!" रात्रीही उठवतात, त्याला इलाज नाही.

खरी वेळ सकाळच्या राउंडची. डॉक्टर येतात, बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्यामुळे प्रश्न आदल्या रात्रीच कागदावर लिहा: कसली तपासणी, कशासाठी, खायचं काय, घरी कधी. सोबतच्याने तेव्हा चहाला जाऊ नये. मी गेलो होतो. मग दुपारपर्यंत सिस्टरच्या मागे मागे.

सुईच्या जागी सूज किंवा आग झाली तर लगेच सांगा. सलाईनची चकती स्वतः फिरवू नका. शस्त्रक्रियेआधी ‘उपाशी’ म्हणजे पेजसुद्धा नाही, पाणी कधी बंद करायचं तेही विचारून घ्या.

आणि ‘आज डिस्चार्ज’ ऐकून लगेच गाडी बोलावू नका. कागद हातात पडेपर्यंत संध्याकाळ होते.