आपल्यातला वाजवणारा गेला की काय काय करायचं

फोटो मोठा करायचा, हार घालायचा, स्टेजच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवायचा आणि दोन मिनिटं उभं राहायचं. हे सगळेच करतात, करू दे. पण मी सोलापुरात उभा जन्म ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर काढला. आमचा ढोलकीवाला गेला तेव्हा मला त्याच्या तोंडाआधी त्याच्या डाव्या हाताचा घुमारा आठवला. जपायचं ते हे, त्याचं वाजवणं. ते कसं जपायचं, तेवढंच सांगतो.

आधी एक वही करा. गाव लहान नाही आणि आपले लोक विखुरलेले. दिवसा गिरणीत नाही तर लूमवर, रात्री स्टेजवर, अशी बहुतेकांची गत असायची. म्हणून नाव, स्टेजवर पुकारायचे ते नाव, वाद्य, कुणाकडे शिकला, पोटाला काय करायचा आणि कुठल्या पेठेत राहायचा, एवढं प्रत्येकाचं लिहा. गणेश मंडळांचे जुने अहवाल, हँडबिलं, स्मरणिका धुंडाळा. बेंजो पार्टी आणि ब्रास बँडवाल्यांना सोडू नका. वरातीत क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं नाव माईकवरून कुणी घेत नाही, त्यामुळे तोच पहिला विसरला जातो.

मग घरी जा. दिवस-कार्य होईस्तोवर थांबा. प्रत्येक समाजाची रीत वेगळी, आधी शेजारी विचारून घ्या. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत जाणार असाल तर तेलुगू बोलणारा कुणीतरी सोबत न्या. आजीला मराठी येतं, पण नातवाच्या लहानपणीचं बोलायला लागली की ती तेलुगूतच बोलणार. ‘त्यांच्या काही आठवणी सांगा’ असं म्हटलं की वहिनी ‘चांगले होते’ म्हणून गप्प बसतात. त्यापेक्षा विचारा, ‘कार्यक्रमावरनं रात्री आले की काय जेवायचे?’ कडक भाकरी आणि शेंगाचटणीवरून बोलणं निघतं, ते कपाटाच्या वरच्या फळीवरच्या पिशवीपर्यंत जातं. आपल्याला हवी ती पिशवी. वाद्य विकायचं का, हा विषय त्या दिवशी अजिबात काढू नका.

पिशवीत कॅसेटी निघतील. आता इथं घाई नको. कॅसेट लगेच टेपरेकॉर्डरमध्ये टाकू नका. उजेडात धरून खिडकीतून बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती बाजूला ठेवा, एक बुरशीवाली पुढच्या दहांना लावते. मग उघड्या कडेला फितीच्या मागे बघा. तिथं पितळी पट्टीवर नखाएवढा कापडी तुकडा चिकटवलेला असतो. तो गळला असेल तर आवाज दबका येतो, मधेच बुडतो, आणि लोक म्हणतात कॅसेटच गेली. गेलेली नसते. स्क्रूवाली एखादी रिकामी कॅसेट घ्या, दोन्ही चकत्या अलगद उचलून तिच्या खोक्यात बसवा. वरच्या कडेचे दोन चिमुकले प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. पेन्सिल घालून थोडी फिरवून बघा; मोकळी फिरली तर टेपमध्ये घालून एकदा पुढं, एकदा मागं पूर्ण पळवा.

टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे फीत ज्याला घासून जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. तरी झांजा मंद वाटत असतील तर हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट चालू ठेवून केसभर इकडंतिकडं फिरवा. आवाज एकदम उघडतो, पडदा सरकवावा तसा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं, कारण ज्या मशीनवर ती भरली त्याचं हेड तसं होतं.

लॅपटॉपचं माईकचं भोक बहुधा मोनो असतं, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट सहाशेच्या आसपास. लेव्हल लाल रंगाला लागू देऊ नका. मूळ फाइलवर खरखर काढायचे प्रयोग करू नका. खरखरीबरोबर ड्रमवरच्या ब्रशची घासघासही जाते. आणि गाण्यांच्या मधलं काहीही कापू नका. ‘हॅलो, वन टू, अरे मॉनिटर दे बे’, पेटी कुठल्या पट्टीत धरायची यावरची कुजबुज, कुणाच्या तरी चुकीवर आलेलं हसू. गाणं काय, कुणीही म्हणेल. हा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

तीन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरी. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत हार्ड डिस्क आणि कॅसेट दोघांचेही हाल होतात. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वाद्याचं माझं मत पक्कं आहे. घरच्यांची हरकत नसेल तर ते वाजवणाऱ्याच्या हातात द्या. काचेच्या कपाटातल्या पेटीत उंदीर होतात.

कार्यक्रम कधी घ्यायचा? जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी, एप्रिल-मेमध्ये लग्नाच्या सुपाऱ्या, गणपती-नवरात्रात तर वादक सापडतच नाही. पितृपक्ष धरा. वराती बंद, मंडप उतरलेले, बँडवाले घरी, आणि गेलेल्यांना आठवायचे दिवसही तेच. हुतात्मा स्मृती मंदिराचं सभागृह परवडत नसेल तर एखाद्या मंडळाची जागा पुरते. रात्री दहाला स्पीकर बंद, हे धरून संध्याकाळी सहालाच सुरू करा. प्रमुख पाहुणा नको. बोलायचं त्यानं वाजवून बोलायचं. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेनजींनी पुण्यात गाण्याचा महोत्सव सुरू केला; मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी अजून गाणंच होतं. मांडवातल्या माणसाला वेगळा न्याय कशाला?

एक गाणं असं बसवा, की गेलेल्याचा पीस, म्हणजे त्यानं एकट्यानं वाजवायचा तुकडा आला की सगळ्यांनी थांबायचं आणि कॅसेटमधून त्यानंच वाजवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण जुनी टेप कमी-जास्त वेगानं भरलेली असते. त्यानं काळी एकमध्ये वाजवलेलं कॅसेटवर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठंतरी बोलतं. पेटी तिथं जाऊ शकत नाही, म्हणून टेपला पेटीकडं आणा. ऑडॅसिटीत वेग बदलायची सोय आहे. अर्ध्या सुराला साधारण ६ टक्के, हा हिशोब धरून पाव टक्क्यानं पुढं-मागं करत कानानं जुळवा. ढोलकीवाल्याला हेडफोन द्या, नाहीतर परत उठताना सम चुकते. गाणं निवडताना त्याच्या साथीदारांना विचारा. सगळ्यांना माहीत असलेलं हिट गाणं घेऊ नका, तो कुठं खुलायचा ते घ्या.

वर्गणीचा हिशोब दारातच फळ्यावर लिहा. घरच्यांना मदत द्यायची असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन द्या. स्टेजवर पाकीट देतानाचा फोटो मला बघवत नाही. आणि साउंडवाल्याचे पैसे त्याच रात्री चुकते करा. आपलाच माणूस म्हणून उधारी ठेवायची ही जुनी खोड आहे.