पुराच्या रात्रीचं बुलेटिन: डेस्कवरच्या या चुका टाळा

दर पावसाळ्यात न्यूजरूममध्ये नवी मुलं असतात आणि दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या मराठी वाहिनीवर पडद्याच्या तळाशी ही पट्टी दिसतेच: 'कोयनेतून ५० हजार टीएमसी पाण्याचा विसर्ग'. कोयना धरणाची पूर्ण साठवण क्षमताच १०५.२५ टीएमसी आहे. टीएमसी हा साठा, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. क्युसेक हा वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला, की धरणातून एक टीएमसी पाणी गेलं. एवढं गणित मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्यायला लावतो. 'गूगल करतो ना सर' हे उत्तर मला चालत नाही. नदीकाठची मोटार आज रात्रीच काढायची की सकाळी, हे शेतकरी त्या पट्टीवरून ठरवतो.

मी वीसेक वर्षं प्रादेशिक वाहिन्यांच्या डेस्कवर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शिकाऊ होतो. तेव्हापासून साधनं पार बदलली, चुका मात्र त्याच आहेत.

पट्टीवरचं प्रश्नचिन्ह

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. खात्री नसली की बातमी थांबवायची असते. आपल्याकडे खात्री नसली की बातमीपुढे प्रश्नचिन्ह टाकतात.

एका पावसाळ्यात रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या स्ट्रिंगरचा, म्हणजे गावाकडून बातम्या देणाऱ्या अर्धवेळ वार्ताहराचा, फोन आला. "सर, धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी सुटलंय, खालच्या गावांत लोक घाबरलेत." फोन घेणारा मुलगा सहा महिन्यांचा जुना, हुशार, पण घाईचा. समोरच्या भिंतीवर दुसऱ्या एका वाहिनीने 'धरणाला धोका' असा फ्लॅश लावलेला. याने टाइप केलं, 'धरण फुटलं?' प्रोड्यूसर म्हणाला, प्रश्नचिन्ह आहे ना, जाऊ दे. मी पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण खोलीत, पुढच्या बुलेटिनचा रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावत होतो. मान वर केली तेव्हा लाल पट्टीवर ते दोन शब्द फिरत होते. काढायला लावले, तोवर चार मिनिटं गेली होती.

प्रश्नचिन्ह फोनवर ऐकू जात नाही. पुण्यात टीव्हीसमोर बसलेल्या मुलाने गावी आईला फोन केला तो 'धरण फुटलं, टीव्हीवर दाखवतायत' असाच. अशा किती मुलांनी किती आयांना फोन केले असतील, देव जाणे. अर्ध्या तासात एक अख्खं गाव भर पावसात टेकाडाकडे पळालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढताना एका म्हाताऱ्या बाई पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

खरी शिक्षा पहाटे मिळाली. विसर्ग खरोखर दुप्पट झाला, तलाठी आणि पोलिसपाटील घरोघर जाऊन बाहेर पडा म्हणून सांगू लागले, आणि काही कुटुंबं जागची हलली नाहीत. "रात्री पण असंच सांगितलं होतं." दुपारी त्यांना बोटीने काढावं लागलं. ती सगळी वाचली. पण आमच्या चार मिनिटांनी त्या गावाचा खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडवला होता, आणि तो परत मिळवून देण्याचा कुठलाच मार्ग आमच्याकडे नव्हता.

धरणं फुटतात. पुण्याजवळचं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, चिपळूण तालुक्यातलं तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. म्हणूनच हा शब्द ऐकला की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी पळतो, आणि पळायलाच हवं. तो शब्द राखून ठेवायचा असतो.

माझी सवय सांगतो. कुठलीही पट्टी हवेत जाण्याआधी मी ती मोठ्याने वाचतो, विरामचिन्हं सोडून. तसं वाचून खोटी ठरत असेल तर ती जात नाही. स्ट्रिंगरला चार गोष्टी विचारतो: किती दरवाजे, किती फुटांनी, किती क्युसेक, किती वाजल्यापासून. त्याच्याकडे उत्तरं नसतील तर त्याला ओरडत नाही, धरणावरच्या शाखा अभियंत्याला नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, म्हणजे १०७७ ला, फोन लावतो. हे सगळे नंबर माझ्याकडे कागदी वहीत आहेत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऊन असताना, मी प्रत्येकाला एकदा फोन करून ठेवतो. पुराच्या रात्री अनोळखी आवाजाशी कुणी बोलत नाही. ओळख आधी करून ठेवावी लागते आणि नव्या मुलांना नेमकं तेच काम कंटाळवाणं वाटतं.

सकाळचं पाणी संध्याकाळी दाखवणं

आधी हे समजून घ्या की पुराच्या बातम्या पुरात अडकलेला माणूस पाहत नाही. त्याची वीज गेलेली असते, केबल बंद असते, काही तासांनी टॉवरची बॅटरी संपली की मोबाइलही मुका होतो. आपला प्रेक्षक दूर असतो. मुंबईत नोकरी करणारा मुलगा, नगरला दिलेली मुलगी. त्यांना हवं असतं आपल्या गल्लीचं पाणी, आत्ताचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीचं पाणी कित्येक दिवस हटलं नाही. त्या काळात पडद्यावर तीच दहा-बारा दृश्यं फिरत राहिली. बुडालेला पेट्रोल पंप, छपरावरची माणसं, एनडीआरएफची बोट. पाणी उतरू लागलं तरी सकाळचा चढता पूर 'लाइव्ह'च्या चौकटीत चालूच. लांबचा माणूस काय समजणार? तो रात्रभर तळमळतो आणि आधीच तुंबलेल्या हेल्पलाइनवर फोन करत राहतो.

म्हणून फीड, म्हणजे बाहेरून आलेली दृश्यं, सर्व्हरवर घेतानाच दृश्याच्या कोपऱ्यात वेळ आणि ठिकाण कोरून टाका. नंतर टाकू म्हणालात की राहतं. माझ्या शिफ्टमध्ये तीन तासांपेक्षा जुनं दृश्य वेळेशिवाय जात नाही, आणि रेकॉर्ड केलेल्या दृश्यावर 'लाइव्ह' लावणाऱ्याला मी रनडाऊनवरून उठवतो. 'कोल्हापुरात हाहाकार' या पट्टीचा कुणाला काय उपयोग? त्याऐवजी 'शाहूपुरी कुंभार गल्ली, दुपारी ४' असं लिहा. पातळी सांगताना इशारा आणि धोका दोन्ही आकडे द्या: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. आणि पाणी चढतंय की उतरतंय, तेही. नुसतं '४१ फूट' म्हटल्याने काहीच कळत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

छपरावर अडकलेल्या माणसाचा फोनो, म्हणजे फोनवरची थेट मुलाखत, घेऊ नका. त्याच्या फोनची उरलेली बॅटरी बोटवाल्याशी बोलण्यासाठी आहे. घ्यावाच लागला तर पत्ता, माणसं किती, आजारी कोण एवढं विचारून तीस सेकंदांत सोडा आणि माहिती आधी नियंत्रण कक्षाला द्या.

बचावाच्या बोटीत जागा मागू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि पुरातून बाहेर पडू पाहणारे लोक बुडाले. कॅमेरामन बसला की एक गावकरी मागे राहतो.

छातीभर पाण्यात उभं राहून पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं, नको. पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही.

जोराचा पाऊस 'ढगफुटी' नसतो. तासाभरात १०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला तर हवामान खातं तो शब्द वापरतं.

'रेड अलर्ट' म्हणताना जिल्हा आणि तारीख दोन्ही सांगा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. अँकरला हा फरक पाठ हवा.

मुसळधार पावसात ओबी व्हॅनचा, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीचा, सिग्नल गेला तर डिश हलवू नका. केयू बँड, म्हणजे ती डिश वापरते तो उपग्रह-लहरींचा पट्टा, पावसात क्षीण होतो, सर ओसरली की परत येतो. नवे ऑपरेटर घाबरून अँगल बदलतात आणि मग पाऊस थांबल्यावरही उपग्रह सापडत नाही. मोबाइल सिमवरून दृश्यं पाठवणाऱ्या बॅकपॅकवर भिस्त असेल तर सगळी सिम एकाच कंपनीची नकोत. व्हॅन उंचावर, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. २०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता.

घरच्यांना कळण्याआधी मृतांची नावं चालवू नका. याला अपवाद नाही.

फोन न लागणारं गाव

डेस्कवर बातमीचा क्रम कोण ठरवतं? ज्याचा फोन लागतो तो. दृश्यं येतील तिथला पूर मोठा. ही चूक कुणाला चूक वाटतच नाही, म्हणून शेवटी तिच्याबद्दल लिहितोय.

२२ जुलै २०२१ ला सगळ्यांची नजर चिपळूणच्या पाण्यावर होती. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. रस्ते बंद, संपर्क तुटलेला. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या ठिकाणी गाव दिसेना, म्हणून. तिथून कुणी फोन करणार कसा?

तेव्हापासून मी घाटमाथ्याच्या आणि कोकणच्या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांची एक यादी ठेवतो. प्रत्येक वाडीपुढे दोन नंबर असतात, शिक्षकाचा, किराणा दुकानदाराचा, आशाताईंचा, जो मिळेल तो. ऑरेंज अलर्ट लागला की एक माणूस यादी घेऊन फक्त फोन लावत बसतो, दर दोन तासांनी. संपादक विचारतात, यातून बातमी काय मिळते? बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. 'सगळं ठीक हाय साहेब, पाऊस लई हाय' एवढंच. पण सलग दोनदा दोन्ही नंबर लागले नाहीत, तर त्या वाडीचं नाव मी आधी १०७७ ला कळवतो, आणि मग रिपोर्टरला.