मंदीत रिसेल फ्लॅट कसा विकायचा: वाघोली-खराडी पट्ट्यातल्या एजंटकडून

पुण्यात वाघोली, केसनंद रोड, लोहगाव, खराडीच्या पुढचा पट्टा, इथे मी रिसेलची कामं करतो आणि हल्ली प्रत्येक मालकाचा फोन सारखाच असतो. लिस्टिंग टाकून कित्येक महिने झाले, लोक येतात, बघतात, छान आहे म्हणतात आणि गायब होतात, आता काय करायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बिल्डरकडून नवीन घेणाऱ्यांसाठी हे नाही, ज्यांचा स्वतःचा टू बीएचके विकायचाय आणि जो विकला जात नाहीये त्यांच्यासाठी आहे.

आधी गिऱ्हाईक कुठे गेलं ते समजून घ्या. आपल्या एरियात घेणारा मुख्यतः आयटीवाला, खराडीत ऑफिस असलेला. कंपन्यांमधून माणसं कमी करायच्या बातम्या येतात तेव्हा नोकरी शाबूत असलेला माणूससुद्धा वीस वर्षांचा ईएमआय डोक्यावर घ्यायला घाबरतो. दुसरं म्हणजे तुमच्याच रस्त्यावर चार नवीन टॉवर उभे आहेत आणि तिथला सेल्सवाला स्टॅम्प ड्युटी आम्ही भरतो, मॉड्युलर किचन फ्री असं सांगतोय. तिसरं पाणी. वाघोली ३० जून २०२१ ला बाकीच्या गावांबरोबर पुणे महापालिकेत आली, पण टँकर काही सुटला नाही, आणि आता गिऱ्हाईक पहिल्या व्हिजिटलाच मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च किती ते विचारतं. नगर रोडच्या ट्रॅफिकबद्दल मी वेगळं काय सांगू, संध्याकाळी व्हिजिट ठेवली की पार्टी येतानाच वैतागलेली असते (म्हणून व्हिजिट रविवारी सकाळी ठेवा, उजेडही चांगला मिळतो).

तरी डील होतात, दर महिन्याला होतात. फक्त गिऱ्हाईक मोजकं आहे, त्यामुळे आलेलं गिऱ्हाईक आपल्या चुकीने जाऊ द्यायचं नाही.

सुरुवात रेटपासून करा. पोर्टलवर शेजारच्याने ७२ लाख टाकलेत म्हणून आपण ७० टाकायचे, हे करू नका, कारण तो ७२ चा फ्लॅटसुद्धा तिथे पडूनच आहे. मागितलेला भाव आणि झालेला भाव यात मंदीत फार अंतर पडतं. झालेला भाव बघायचा असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर ई-सर्च आहे, तिथे गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाकून नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू (म्हणजे नोंदणीचा सारांश, त्यात किंमत असते) बघता येतात, आणि आपल्याच सोसायटीतले गेल्या वर्षभरातले दोनचार व्यवहार काढले तरी खरा आकडा समोर येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही कोणता फ्लॅट कितीला गेला ते बहुतेक वेळा माहीत असतं. त्याच साईटवर रेडी रेकनरचा दरही (स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दर) बघून ठेवा, कारण करारातली किंमत रेकनरच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेली तर इन्कम टॅक्समध्ये तुम्हालाही त्रास आणि घेणाऱ्यालाही.

मेट्रोचं पण सांगतो. रामवाडीच्या पुढे वाघोलीच्या दिशेने मार्ग वाढवायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून मालकांनी रेट वाढवले. घेणारा मंजुरीचे पैसे देत नाही हो, त्याला खांब दिसायला लागतात. मेट्रो येणार हे व्हिजिटला जरूर सांगा, पण त्याचे पाच लाख आत्ताच पकडून बसू नका.

आता थांबायचा हिशोब, हा वहीत मांडाच कारण इथेच सगळे फसतात. समजा ६४ ची पक्की ऑफर आहे आणि तुमच्या डोक्यात ६९ आहेत. फ्लॅट रिकामा आहे, ३० लाख लोन बाकी आहे साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाचं नुसतं व्याज अडीच लाखाच्या आसपास. मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर वर्षाचे ४२ हजार. लोन फेडून हातात ३४ लाख आले असते, ते साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले असते तर सव्वादोन लाखाच्या आसपास मिळाले असते. बेरीज पाच लाखाच्या वर जाते. म्हणजे ६४ सोडून वर्षाने ६९ ला विकला तरी तुम्ही होता तिथेच आहात, आणि ६९ देणारा येईलच याची गॅरंटी कोण घेणार. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर गणित थोडं बदलतं, भाडं त्यातून वजा करा, पण भाडेकरू असलेला फ्लॅट दाखवणं कठीण जातं, आतमध्ये कपडे वाळत असतात आणि भाडेकरूला तो विकला जावा असं वाटतच नसतं. त्याला आधी विश्वासात घ्या, तारीख ठरवून सांगा, शेवटच्या महिन्याचं भाडं सोडलंत तरी चालेल.

टॅक्सची भीती घालून लोक विक्री लांबवतात तेही तपासून बघा. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या घरावर आता साडेबारा टक्के लाँग टर्म टॅक्स आहे नफ्यावर, इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल आणि तुम्ही इथले रहिवासी असाल तर जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशन धरून २० टक्के, असंही गणित करता येतं आणि जो टॅक्स कमी निघेल तो भरायचा. २०१४-१५ मध्ये सगळा खर्च धरून ४५ लाखाला घेतला असेल तर तेव्हाचा इंडेक्स २४० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे खरेदीची किंमत साडेसत्तर लाख धरली जाते. ६४ ला विकला तर टॅक्स शून्य! नव्या पद्धतीने ६४ वजा ४५, म्हणजे १९ लाखावर दोन लाख सदतीस हजार बसले असते. आणि हे पैसे दुसऱ्या घरात घालणार असाल तर सवलत वेगळी आहेच, विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. सीएला हजार-दोन हजार द्या आणि टोकन घ्यायच्या आधी हे कागदावर करून घ्या.

तुम्ही परदेशात असाल (आपल्या पट्ट्यात असे मालक खूप आहेत) तर जास्त लवकर हालचाल करा. इथल्या मालकाचा व्यवहार ५० लाख किंवा वर असला की घेणारा १ टक्का टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरायचा टॅक्स) कापतो आणि विषय संपतो. एनआरआय मालक असेल तर ५० लाखांची मर्यादा नाही आणि टीडीएसचा दर कितीतरी मोठा, तोही पूर्ण रकमेवर कापायची वेळ येते, म्हणून कमी दराने कापायचं सर्टिफिकेट आयकर विभागाकडून काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक मिळाल्यावर धावपळ केली तर घेणारा कंटाळून नवीन टॉवरमध्ये जातो. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी परदेशात केली असेल तर ती भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प करून घ्यायची असते, हेही पुष्कळांचं राहून जातं.

कागद. माझ्या अनुभवात ठरलेला व्यवहार मोडतो तो भावापेक्षा कागदांवर जास्त. फ्लॅट मार्केटला टाकायच्या आधी एक फाईल बनवा: बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे मूळ करार नोंदणीच्या पावतीसकट, इंडेक्स टू, भोगवटा पत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालेलं, पार्किंगचं अलॉटमेंट लेटर, महापालिकेचा चालू टॅक्स भरल्याची पावती, लाईट बिल, मेंटेनन्सची नो ड्यूज. मधला एखादा करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सर्टिफाईड कॉपी आत्ताच काढा, पोलिसात मिसिंगची नोंद आणि पेपरात नोटीसही लागते, यात सहज महिना जातो. घर वडिलांच्या नावावर होतं आणि ते गेले, तर सोसायटीत नॉमिनेशन आहे म्हणून तुम्ही मालक झालात असं नसतं, बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या. बहिणीला शेवटच्या दिवशी सही करायला बोलवायचं हे फार वाईट होतं, घरातलं वातावरण बिघडतं आणि पार्टी समोर बसलेली असते.

तुमचं लोन चालू असेल तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे ते पत्र) आणि एलओडी, म्हणजे बँकेकडे कोणकोणते मूळ कागद आहेत त्याची यादी, मागून ठेवा. घेणाऱ्याची बँक या दोन कागदांशिवाय पुढे सरकत नाही. फ्लोटिंग रेटचं वैयक्तिक होम लोन असेल तर आधी फेडल्याचा दंड नसतो, कोणी मागितला तर लेखी मागा. लोन पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई.

सोसायटीचं पण बघा. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, त्याच्या वर डोनेशन वगैरे मागता येत नाही. कमिटीशी भांडण असेल तर ते आता मिटवा, कारण घेणाऱ्याची बँक एनओसी मागते आणि ती सही त्यांच्या हातात असते.

आता घेणाऱ्याच्या खिशात डोकावून बघा, हे मालक करतच नाहीत आणि मग निगोशिएशनला अडतात. ६४ लाखाचा फ्लॅट, ३० ते ७५ लाखांच्या लोनला बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ५१ लाख २० हजार. स्वतःचे १२ लाख ८० हजार. स्टॅम्प ड्युटी आपल्याकडे सगळे सेस धरून ७ टक्के, ४ लाख ४८ हजार, आणि रजिस्ट्रेशन ३० हजार, यासाठी बँक लोन देत नाही. म्हणजे त्याच्याकडे स्वतःचे साडेसतरा लाख तयार पाहिजेत, ब्रोकरेज आणि शिफ्टिंग वेगळं. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) ६० च बोलला तर अजून तीन लाख वीस हजार वाढले. त्यामुळे पार्टी अडखळली की दरवेळी ती भाव पाडतेय असं समजू नका, पुष्कळदा तिच्याकडे दोन लाख खरंच कमी असतात. अशा वेळी किंमत तीच ठेवून एसी, वॉर्डरोब, गीझर घरातच सोडा, पझेशन त्यांच्या भाड्याच्या घराच्या मुदतीशी जुळवा. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे हे त्यांना तुम्ही सांगा, ६४ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव बरोबर टाकलं की ही सवलत जाते, आणि हे बऱ्याच जणांना रजिस्ट्रेशनच्या दिवशी कळतं.

बिल्डरच्या ऑफरसमोर तुमच्याकडे जे आहे ते ठणकावून सांगा. रिसेलला जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला साधारण ५ टक्के आहे. घर आज डोळ्यांनी दिसतंय, पझेशनची वाट बघत भाडं आणि ईएमआय दोन्ही भरायचं नाही. शेजारी कोण राहतं ते कळतं. पाण्याचं मात्र खरं सांगा, टँकर किती लागतात, मेंटेनन्सवर महिना किती पडतं, सोसायटीकडून आकडा घ्या आणि पहिल्याच भेटीत द्या. लपवलेलं वॉचमन सांगतोच, आणि एकदा का खोटं पकडलं गेलं की मग तुमच्या खऱ्या कागदांवरही विश्वास बसत नाही.

एजंट एक किंवा फार तर दोन ठेवा. दहा जणांना चावी दिली की तोच फ्लॅट पोर्टलवर ६२, ६५, ६८ असा तीन भावात दिसतो आणि घेणारा ओळखतो की मालक घाईला आलाय. रेराचा (घरांच्या व्यवहारांवरच्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर असलेला एजंट बघा, ब्रोकरेज (एक ते दोन टक्के चालतं) आधी लिहून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा की खालचा आकडा हा आहे, याच्या वरची प्रत्येक ऑफर मला लगेच कळव. महिनाभर व्हिजिट येऊन एकही ऑफर आली नाही तर रेट जास्त आहे. व्हिजिटच येत नसतील तर फोटो बदला, आणि रेट तरीही तपासा. कमी करायचा तर एकदाच नीट कमी करा, दर पंधरा दिवसांनी पन्नास हजार उतरवलेत तर बघणारा अजून उतरेल म्हणून थांबून राहतो.

वेळ पण बघा. पितृपक्षात टोकन येत नाही, पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याला येतं. शाळकरी मुलं असलेल्या घरांना जूनच्या आत शिफ्ट व्हायचं असतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत फाईल आणि फोटो तयार पाहिजेत.

टोकन आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवू नका. एक पानाची विसार पावती करा, त्यात किंमत, किती दिवसांत लोन सँक्शन, किती दिवसांत रजिस्ट्रेशन, पझेशन कधी, लोन नाही झालं तर टोकन परत की नाही, हे सगळं आणि दोघांच्या सह्या. रोखीत २० हजार किंवा त्याहून जास्त अजिबात घेऊ नका, जागेच्या व्यवहारात तेवढी रक्कम कॅश घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो. करार रजिस्टर करताना घेणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा आलाय का ते आणि टीडीएसचं चलन बघा, आणि बँकेचे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका, पार्टी कितीही चांगली असली तरी, पूजा करायचीय म्हणून मागितली तरी. पूजेपुरतं तुम्ही स्वतः दार उघडून द्या. पझेशनच्या दिवशी लाईट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून दोघांकडे ठेवा, पझेशन लेटरवर सही घ्या, आणि महावितरण, महापालिका टॅक्स आणि सोसायटी तिन्हीकडे नाव बदलायचे अर्ज त्याच आठवड्यात त्यांच्याकडून भरून घ्या, नाहीतर वर्षभराने थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने येते.