जीआयचं लेबल लावताय? या चुका टाळा

वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपुरी संत्री. तिघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे; ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. संत्र्याला तर २०१४ पासून. तरी बहुतेकांचा माल अजून पोत्याने, साध्या भावातच जातो. भाव न मिळण्यामागे दरवेळी व्यापारीच नसतो, कधी आपलेच कागद अपुरे असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गावाला मानांकन मिळालं, म्हणजे मलाही मिळालं असं धरून चालणं. मूळ नोंद मानांकनासाठी अर्ज करणाऱ्या संस्थेच्या नावावर असते. ते नाव पाकिटावर छापायचं तर तुमची स्वतःची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद लागते. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो. फी आधी ५०० रुपये होती, २०२० मध्ये ती १० रुपयांवर आली. कुणी हजारांत पैसे मागत असेल तर सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे लिहून घ्या. शेत ठरवून दिलेल्या क्षेत्रात येतं का, हे आधी बघा. सातबारा आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल तर तेही अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या.

दुसरी चूक, भेसळ. वायगाव हळदीची ओळख ६ टक्क्यांहून जास्त कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक). माल कमी पडला म्हणून बाहेरची हळद मिसळली की प्रयोगशाळेत ते उघडं पडतं. (सांगलीची हळदही जीआयवालीच, पण ती सांगलीची!) खोटं जीआय नाव लावल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. दळणाच्या प्रत्येक खेपेला नंबर द्या, तपासणीचा अहवाल त्याच नंबराने ठेवा.

'भिवापुरी तिखट' हे नाव एकट्याच्या ट्रेडमार्कसाठी मागू नका, ते सगळ्या भागाचं आहे. बचत गटाचं वेगळं नाव घ्या. उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाची सरकारी नोंद) असेल तर त्या नावाच्या ट्रेडमार्कची ऑनलाइन फी ९,००० ऐवजी ४,५०० रुपये.

बियाण्याचंही तसंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान शोधला, तो देशभर पेरला गेला, पण त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं, तेही फी न भरता. बी वाटण्याआधी अर्ज करा.

जीआयची मुदत १० वर्षं असते. मूळ नोंद संपली की तुमचीही संपते, म्हणून नूतनीकरण झालंय का, हे संस्थेला आधीच विचारा.